साक्षीदार मॅडमचा शब्द

मॅडमना राग आला की त्या आधी हातातला खडू खाली ठेवायच्या. फळ्याखालच्या लाकडी पट्टीवर, आडवा, घरंगळणार नाही असा. मग रुमालाने बोटं पुसायच्या आणि मग बोलायला लागायच्या. तोवर ज्याच्यावर राग आलेला असे त्याला पुरेसा घाम फुटलेला असायचा. खडू हातात असेतो त्या इंग्रजी बोलत, खाली ठेवला की वऱ्हाडी. एकदा कोणीतरी धीर करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "खडू हातात असला का मी कॉलेजची बाई. कॉलेजच्या हातानं कोनाले बोलू नाई. खाली ठेवला का मंग मी बडनेऱ्याची."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं. मी हे रागातच लिहायला बसलोय आणि संपेपर्यंत राग उतरेल असं काही लक्षण दिसत नाही. माझं अकोल्यात फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांचं कौतुक छापतो. कोणी कार्यसम्राट, कोणी युवकांचे आशास्थान, कोणी नुसताच 'किंग'. ज्याने गल्लीतला दिवा लावला नाही तो माझ्या मशीनमधून दीपस्तंभ होऊन बाहेर पडतो. असल्या धंद्यात असूनही मला एक शब्द छापता येत नाही, याला कारण मॅडम.

पोरं त्यांना 'साक्षीदार मॅडम' म्हणायची. त्या आम्हाला बी.ए.ला इंग्रजी शिकवायच्या. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या एक चौकट आखत आणि तिच्यात एक इंग्रजी शब्द लिहून ठेवत. पंधरा दिवस तोच शब्द. परीक्षेत न येणारा, पेपरात न दिसणारा, कोणाच्या बापजन्मी कामी न पडणारा. तो वापरून प्रत्येकाने एक वाक्य करायचं, अशी अट. आणि वाक्य उभं राहून वाचलं की मॅडमचा ठरलेला प्रश्न यायचा, "साक्षीदार कोन?" म्हणजे तू जे म्हणतोयस ते पाहिलं कोणी? 'माय व्हिलेज इज ब्यूटिफुल' म्हणणाऱ्या मूर्तिजापूरच्या एका पोराला त्यांनी साक्षीदार मागितला तेव्हा तो बराच वेळ विचार करून खाली बसला होता.

आमच्या वर्षी त्या चौकटीत 'पर्ड्युरेबल' आला. आम्ही तो वाचेपर्यंतच तास संपला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी अर्थ विचारला. कोणी म्हणालं अमर, कोणी शाश्वत, कोणी चिरंतन. एकाने 'कायमस्वरूपी' म्हटलं तेव्हा त्या जरा हसल्या, ते हसू कशाचं होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग त्यांनी एकेक शब्द बाजूला काढला. 'इटर्नल' म्हणजे ज्याला मरणच नाही, ते देवाधर्माचं, आपल्याला त्याच्याशी काम नाही. 'ड्युरेबल' म्हणजे टिकाऊ, ते चपलेचं आणि टायरचं. 'परमनंट' म्हणजे बदलणार नाही असं कोणीतरी लिहून दिलेलं. "आन् ह्याच्यातलं हे जे 'पर' आहे न, ते म्हणजे आरपार. मरू शकत होतं, मोडू शकत होतं, साऱ्यांनी मोडून पाहिलं, तरी पार पलीकडं निघालं, त्याले पर्ड्युरेबल म्हनाचं."

आणि मग वापरायचा कायदा सांगितला. हा शब्द शुभेच्छा म्हणून वापरायचा नाही. जे टिकेल असं वाटतं त्याच्यासाठी नाही, जे टिकून दाखवलंय त्याच्यासाठी. नव्या लग्नाला नाही, नव्या इमारतीला नाही, नव्या पुढाऱ्याला तर मुळीच नाही. कोणीतरी म्हणालं, मॅडम, डिक्शनरीत असं काही दिलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "डिक्शनरीवाल्याचं त्याच्यापाशी. माह्या वर्गात असंच चालन."

मी वाक्य केलं होतं, माझ्या आईचं माझ्यावरचं प्रेम पर्ड्युरेबल आहे. मला वाटलं, आईवर कोण काय बोलणार. मॅडमनी विचारलं, साक्षीदार कोण? मी छाती काढून म्हटलं, मीच. खडू खाली गेला. "तू कायचा साक्षीदार बे? तू त मुद्देमाल आहे. माय घेऊन ये." वर्ग हसला. पण त्या हसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी खरंच मायला घेऊन गेलो. ती बाजारातून परस्पर आली होती, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीतून सांबाराची, म्हणजे तुम्ही पुण्याकडचे जिला कोथिंबीर म्हणता तिची, जुडी बाहेर आलेली. मॅडमनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पोरगं म्हणतं तुमची माया लय टिकाऊ आहे, खरं का?

मायने आधी पदर सारखा केला. मग सांगायला लागली. "कायची माया बाई. बारावीत दोनदा बसला. बापाची सायकल इकून शिनेमे पायले यानं. रोज सकायी वाटते, आज याले घराच्या बाहीर काढतेच. संध्याकाय झाली का वाटते, जेवून घेऊ द्या, उद्या काढू. असं करता करता हा एवढा झाला." वर्गात हशा उसळला, मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मॅडम वळल्या, फळ्यावर माझं वाक्य पूर्ण लिहिलं, त्याच्याखाली सरळ रेघ ओढली आणि म्हणाल्या, "करेक्ट. दिला तुमाले हा शब्द." हे त्या मायला म्हणाल्या होत्या. माय घरी जाऊन बापाला सांगत होती, मले कॉलेजात शब्द भेटला म्हून.

त्याच पंधरवड्यात त्यांनी आम्हाला रिद्धपूरला नेलं होतं. महानुभावांचं मोठं ठिकाण. मॅडम स्वतः बौद्ध घरच्या, वडील रेल्वेत गँगमन, त्यांचा त्या पंथाशी काही संबंध नव्हता. पण म्हणाल्या, शब्द पाहायला जाऊ. तिथे एक म्हातारे बाबा आम्हाला ओटे दाखवत फिरले. इथं स्वामी बसले होते. इथं उभे राहिले. इथं पाणी प्याले. पाहायला म्हटलं तर काही नाही, साधी जागा, वर एक ओटा. आमच्यातला एकजण कुजबुजला, काय बे, खाली जागा दाखवून राहिले. मॅडमनी ऐकलं. "बसनारा जाऊन सात-आठशे वर्सं झाले. तवा ना फोटो होता ना बोर्ड. या पंथाच्या लोकायनं एकामेकाले सांगत सांगत जागा इथवर आनली. मधात किती राजे आले, किती गेले. लिहा." आम्ही तिथेच ओट्याच्या कडेला बसून आपापलं वाक्य लिहिलं. येताना एसटीत त्या सगळ्यांना संत्री सोलून देत होत्या.

आता रागाकडे येतो. या मॅडम कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना हे माहीत नाही ते भाग्यवान, त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे, ऑर्डर नऊ महिन्यांची, उन्हाळ्यात तुम्ही कोणी नाही. पावसाळ्यात पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी ऑर्डर, जणू तुम्हाला आज पहिल्यांदाच पाहतायत. मॅडमनी हे वीस-बावीस वर्षं केलं. सकाळी बडनेऱ्याला गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं, ऑटोने कॉलेज, दुपारी परत. त्यांनी शिकवलेली पोरं त्याच कॉलेजात कायम झाली. त्यांच्यातला एक तर उपप्राचार्य झाला. एप्रिलच्या अकोल्यातही गळ्यात टाय बांधून फिरायचा, म्हणून त्याला आम्ही टायसर म्हणतो.

जागा निघायची, नाही असं नाही. जाहिरात यायची, मुलाखती व्हायच्या. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब मधल्या खुर्चीवर बसलेले असायचे. मॅडम आत गेल्या की ते तोंड भरून हसायचे आणि म्हणायचे, "तुमी त आपल्या घरच्याच आहे, बाई. तुमाले काय इचाराचं?" आणि खरंच काही विचारायचे नाहीत. ऑर्डर बाहेरून आलेल्या कोणालातरी मिळायची. घरच्या माणसाला काय, कुठेही बसवलं तरी बसतं. मॅडम बाहेर येऊन आमच्या दुकानावर एक कप चहा प्यायच्या. मी तणतणायचो. त्या म्हणायच्या, "राग माहा आहे न? मंग तू कावून वापरून राहिला?"

मग आबासाहेबांना पंचाहत्तरावं लागलं. अमृतमहोत्सव. मंडप, हत्तीएवढे स्पीकर, गौरव समिती, तिच्या उपसमित्या. बाहेरून मोठे पाहुणे येणार म्हणून मानपत्र इंग्रजीतूनही हवं असं ठरलं. ते लिहिलं टायसरने आणि छापायला आलं माझ्याकडे. कॉलेजच्या दारावरच्या कमानीचा फ्लेक्सही त्याच मजकुराचा. मी मजकूर उघडला आणि दुसऱ्याच ओळीत तो शब्द. आबासाहेबांची पर्ड्युरेबल सेवा. पोरगं शिकलं होतं मॅडमच्याच वर्गात. अर्थ कुठे गळून पडला कोणास ठाऊक, शब्द भारी आहे एवढं लक्षात राहिलेलं. लग्नात मामाने जाड अंगठी घालावी तसा त्याने तो तिथे घातला होता.

मानपत्र वाचायचं काम मॅडमकडे होतं, कारण बाकी स्टाफमध्ये न अडखळता इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. कच्चा छाप पाहायला त्या दुकानात आल्या. वाचत वाचत त्या ओळीवर थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्यासमोरच टायसरला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"हा शब्द काढून टाका, सर."

"कावून? तुमीच त शिकवला, मॅडम! खास तुमच्यासाठी टाकला."

"त्याच्या जागी 'लाँग' टाका, 'ग्रेट' टाका, जे टाकाचं ते टाका."

टायसरचा आवाज खाली आला. "मॅडम, ऐका. यंदा तुमचं होऊन राहिलं. आबासाहेब स्टेजवरून जाहीर करनार आहे, तुमाले कायम केलं म्हून. पुढच्या वर्सी तुमी वयात बसत नाई. ही शेवटची गाडी आहे. त्यायले तो शब्द लय आवडला, दहा जनाइले वाचून दाखवला त्याइनं. जे लिहिलं ते वाचून टाका न. तुमचं काय जाते?"

मॅडमनी फोन ठेवला. मी म्हटलं, "मॅडम, वाचून टाका." मला आजही ते म्हटल्याचं काही वाटत नाही. कोणीही हेच म्हटलं असतं. नवरा लवकर गेलेला, मुलगी शिकून लग्न होऊन नागपूरला, बाई एकटी, वय उताराला लागलेलं, आणि आयुष्यभर जी गोष्ट मागितली ती एका शब्दाच्या अंतरावर. मी तर म्हणतो, स्वतः वाल्याकोळ्यालाही त्या दिवशी कोणी सत्पुरुष म्हणायला सांगितलं असतं तर म्हणून टाकावं. त्या कच्चा छाप टेबलावर ठेवून निघाल्या. चहाही घेतला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मंडपात मागे उभा होतो. शाली झाल्या, श्रीफळं झाली, भाषणं झाली. मग मॅडमना बोलावलं. पांढऱ्यावर निळी किनार असलेली साडी, केस चापून बसवलेले. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मंडप गप्प झाला, कारण इतकं सुंदर इंग्रजी त्या मांडवाने आधी ऐकलं नव्हतं आणि कळायची गरज नव्हती. दुसरी ओळ आली. मॅडमनी तो शब्द वगळला. अडखळल्या नाहीत, थांबल्या नाहीत, आवाजही बदलला नाही. वाक्य त्या शब्दावाचून गेलं, पुढचं वाक्य आलं, मानपत्र संपलं. टाळ्या कडाडल्या. आबासाहेब खुशीत मान हलवत होते. हजारभर माणसांत कोणालाही काही कळलं नाही.

कळलं फक्त टायसरला. तो हातातल्या प्रतीवर बोट ठेवून ओळीओळीने वाचत होता. बोट तिथेच राहिलं आणि तोंड उतरलं. तो उठून आबासाहेबांच्या कानाला लागला. आबासाहेबांचं हसू काही गेलं नाही, त्या माणसाचं हसू कधी जातच नसे, पण भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी मॅडमचं नावही घेतलं नाही. पावसाळ्यात कॉलेज उघडलं. नऊ महिन्यांची ऑर्डरसुद्धा आली नाही.

मी बडनेऱ्याला त्यांच्या घरी गेलो आणि भांडलो. हो, मॅडमशी भांडलो. म्हटलं, "एका शब्दापाई? कोनाले समजला तरी का तो? तुमी वाचला असता तरी कोनाले समजला नसता!" त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताट खाली ठेवलं. "कायम व्हासाठी मी काय काय केलं ते तुले मालूम नाई, गजानन. त्या मानसापुढं हात जोडले. त्याच्या सुनेच्या पोट्ट्याईले फुकट शिकवलं. पाया पडाले लावलं असतं त पाया पडली असती, कमर माही आहे, वाकवली असती. पन तो शब्द म्या वर्गात, खुर्चीवर बसवून, तुह्या मायले दिला होता. तोच याले देऊ? मंग आधी तुह्या मायपासून वापस घ्या लागते." मग पुन्हा ताट मांडीवर घेतलं. माझा राग काही कमी झाला नाही, त्याला फक्त जाऊन बसायला जागा राहिली नाही.

दोन वर्षांनी आबासाहेब वारले. खुर्चीवर पुतण्या आला. वर्षश्राद्धाच्या आधीच टायसर माझ्या दुकानात आला, कमानीवरचा फ्लेक्स नवा करायचा होता. मी मजकूर मागितला तर म्हणाला, "मजकूर तोच राहू द्या. फोटो आन् नाव तेवढं बदला." ज्या माणसाने संस्थेत बसून अजून दोन पावसाळे पाहिले नव्हते त्याची पर्ड्युरेबल सेवा. तो शब्द एकदा छापून बसलो होतो; या वेळी म्हटलं, सर, मशीन बंद आहे. मशीन मागे धडधडत होतं. त्याने ते ऐकलं, टाय सारखा केला आणि समोरच्या दुकानातून छापून घेतलं.

आणि त्याच महिन्यात त्यांना मॅडमची आठवण झाली. कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरची समिती येणार होती, आणि इंग्रजी विभागात शिकवायला कोणी नव्हतं. कायम जागेवर जी पुतण्याच्या सासरकडची बाई घेतली होती ती रजेवर होती, म्हणजे घेतल्यापासून रजेवरच होती. टायसर बडनेऱ्याला गेला. वयाचं पाहून घेऊ म्हणाला. तासिका तत्त्वावर, नऊ महिने. मला वाटलं, मॅडम त्याला दारातून हाकलतील. त्या गेल्या. सोमवारी सकाळची गाडी धरून, पाण्याची बाटली घेऊन, शिकवायला गेल्या.

मी स्टेशनवर गाठलं. डोकं फिरलं होतं माझं. "काय लाज गीज आहे का नाई, मॅडम?" असं म्हणून बसलो. त्यांना खाली ठेवायला हातात खडू नव्हता, त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "फायनलचे पोट्टे जूनपासून बसून राहिले," त्या म्हणाल्या. "एक तास झाला नाई त्याईचा. धारणीवरून येते त्याच्यातले दोघं, रूम करून राहते. त्याईनं काय केलं?" मग ऑटोत बसल्या. एवढंच मला दिसलं की त्या ऑटोवाल्याला मागच्या सायकल स्टँडकडून घ्यायला सांगायच्या. तिकडून लांब पडायचं, चिखलही असायचा. पण पुढच्या दाराला ती कमान होती. सबंध वर्ष त्या एकदाही कमानीखालून आत गेल्या नाहीत.

वर्ष संपलं, समिती येऊन गेली, कॉलेजला चांगला शेरा मिळाला. ऑर्डर एप्रिलमध्ये संपली. मे महिन्यात, बडनेऱ्याच्या उन्हात, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. नागपूरहून मुलगी आली. वस्तीतल्या पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी त्रिशरण म्हटलं. बरीच जुनी पोरं होती. धारणीचे ते दोघंही पहाटेची बस धरून आले होते आणि एकमेकांना चिकटून उभे होते. कॉलेजमधून कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी टायसरला भेटलो. म्हटलं, शोकसभा कधी ठेवता? त्याने ओशाळल्यासारखा चेहरा केला. "सुट्ट्या चालू आहे न. ठेवून येनार कोन? आन् कॉलेज उघडल्यावर ठेवाची म्हटलं त प्रस्ताव लागते, अध्यक्षांची सही लागते. तसं पायलं त ऑर्डर एप्रिलमंदीच संपली होती. टेक्निकली त्या आपल्या नव्हत्या." आबासाहेबांच्या तोंडी बावीस वर्षं जी बाई घरची होती, ती मेल्यावर टेक्निकली आपली नव्हती. मला वाटलं होतं मी त्याची कॉलर धरेन. नाही धरली. दुकानात आलो, शिडी घेतली, फ्लेक्स कापायचं कटर घेतलं, ऑटोत टाकलं आणि भरदुपारी कॉलेजवर गेलो.

कमानीला शिडी लावली. वॉचमन स्टुलावरून उठून आला. "काय करून राहिले भाऊ?" म्हटलं, दुरुस्ती आहे. फ्लेक्सवाला दुरुस्ती म्हणतो तेव्हा कोणी पुढे विचारत नाही. मी वर चढलो आणि तो एक शब्द, चारी बाजूंनी पट्टी धरून, व्यवस्थित कापून काढला. त्याच्या आधीचं अक्षर दुखावलं नाही, नंतरचंही नाही. धंद्यातलं काम आहे, वाकडं कापलेलं मॅडमना चाललं नसतं. पुतण्याचा फोटो, हात जोडलेले, तसाच हसत होता आणि त्याच्या सेवेच्या आधी आता एक चौकोनी आभाळ होतं.

खाली उतरलो तर टायसर धावत येत होता. उन्हाने आणि टायने लालबुंद झालेला. "हे काय लावलं? संस्थेची प्रॉपर्टी आहे ते!"

"फ्लेक्स ठेवा न तुमी, सर. मी फक्त आमच्या मॅडमचं सामान घेऊन चाललो."

"मी पोलिसात तक्रार देतो!"

म्हटलं, द्या. तो तुकडा गुंडाळला, काखेत मारला आणि दुकानात येऊन काउंटरवर ठेवला. रात्री शटर ओढेपर्यंत कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आज दोन वर्षं होत आली, तक्रार काही दिलेली नाही. देणार कशी? ठाण्यातला हवालदार पहिल्या झटक्यात विचारणार, साहेब, चोरीला गेलं काय? शब्द गेला म्हणावं लागेल. मग तो पेन उघडून विचारणार, कोणता, आणि त्याचा अर्थ काय ते सांगा. तिथे येऊन अडलंय सगळं.